मावची मॅडमचे रविवार

डॉ. रूथ मावची नवापूरच्या आमच्या तालुका आरोग्य कार्यालयात रुजू झाल्या तेव्हा म्हणाल्या, हार नको, नारळ नको, एक खिळा आणि हातोडी द्या. शिपायाने शेजारच्या दुकानातून हातोडी मागून आणली. मॅडमनी पिशवीतून आपलं डॉक्टरकीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र काढलं, खुर्चीवर चढून स्वतः खिळा ठोकला, फ्रेम टांगली आणि खाली उतरून माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, ‘‘देसले भाऊ, तुमचं कुठं आहे?’’

मी तिथला औषध निर्माण अधिकारी. नाव मोठं, काम खिडकीतून गोळ्या द्यायचं. बावीस वर्षं नोकरी झाली होती आणि एवढ्या वर्षांत माझं फार्मासिस्टचं प्रमाणपत्र कुणी मागितलं नव्हतं. ते घरी बायकोच्या पेटीत, लग्नातल्या शालूखाली पडून होतं. दुसऱ्या दिवशी मी तोऱ्यात ते आणून टेबलावर ठेवलं. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाजवळ नेला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘भाऊ, हा तर मेलाय की.’’

नूतनीकरणाची मुदत चार महिन्यांपूर्वीच उलटून गेली होती. माझं तोंड कसं झालं असेल ते विचारू नका. नवा कागद येईपर्यंत मॅडमनी मला खिडकीवर बसू दिलं नाही. मागच्या कोठारात खोकी रचत बसवलं. बावीस वर्षं नोकरी झालेला माणूस मी, शिपायासमोर खोकी उचलतोय! घरी जाऊन बायकोवर ओरडलो, ‘‘हाई बाई मन्ही नोकरी खाई टाकी!’’ बायको म्हणाली, ‘‘मंग कागद ताजा करी टाका ना.’’ बायका एकमेकींच्या बाजूने कशा होतात देव जाणे.

पण एक आहे. मॅडमनी मला लावला तोच नियम सगळ्यांना लावला. प्राथमिक आरोग्य केंद्रातला नवा डॉक्टर असो, नाहीतर गावातला मोठ्या पाटीचा जुना डॉक्टर, भेटल्याबरोबर नमस्कार आणि लगेच प्रश्न, ‘‘कागद जिवंत आहे ना?’’ एका नामांकित डॉक्टरांच्या नोंदणीची मुदत संपली होती. त्यांनी इकडे तिकडे फोन फिरवले, कुणाकुणाकडून मॅडमना निरोप पाठवले. मॅडम त्यांच्याच दवाखान्यात पेशंटच्या बाकावर जाऊन बसल्या, दीड तास बसल्या, आणि अर्ज भरून घेऊनच उठल्या. चिडायच्या नाहीत. फार राग आला की चष्मा काढून पदराने पुसायला लागायच्या. आमचा ड्रायव्हर हिरालाल आरशातून ते बघायचा आणि हळूच म्हणायचा, ‘‘भाऊ, चष्मा निघना. आज जेवणनं काही खरं नही शे.’’

मॅडम ठेंगण्या, काळ्यासावळ्या, साडीखाली कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या. पर्समध्ये कायम गूळ-शेंगदाणे. जीपमध्ये बसल्या की स्वतः मूठभर खायच्या, मूठभर हिरालालच्या हातावर ठेवायच्या आणि प्रार्थनेतलं एखादं गाणं गुणगुणत राहायच्या. शाळेत शिकवतात तसं स्वच्छ मराठी बोलायच्या. पण पेशंट समोर आला की त्यांची बोली बदलायची. गुजरातच्या हद्दीवरच्या डोंगरातल्या म्हाताऱ्या, ज्या आमच्याशी हो-नाहीच्या पुढे जात नसत, त्या मॅडमशी सुनेच्या तक्रारींपर्यंत पोचायच्या. मला त्यांची बोली अर्धीच समजते. पण सुनेची तक्रार कुठल्याही भाषेत ओळखू येते.

बोगस डॉक्टर शोधायची तालुक्याची समिती असते, तिच्यात मॅडम होत्या. धाड पडली की सापडलेल्या औषधांची यादी करायचं काम माझं. आमच्याकडे सुई टोचल्याशिवाय आणि सलाइनची बाटली लावल्याशिवाय औषध घेतलं असं कुणाला वाटतच नाही. खुरपून खुरपून अंग दुखलं, लाव बाटली. त्यामुळे दहावी नापास माणूससुद्धा चार बाटल्या आणि एक खाट टाकून डॉक्टर होतो.

एकदा बाजाराच्या दिवशी आम्ही अशाच एका दवाखान्यावर गेलो. गाडीचा आवाज ऐकून तो डॉक्टर मागच्या दाराने शेतातून पसार झाला. आत पाच माणसं बाकड्यांवर आडवी, पाचही जणांना बाटल्या लावलेल्या, आणि बाहेर ओट्यावर वीस-बावीस जण वाट बघत बसलेले. पोलीस म्हणाले, सगळ्यांना हाकला, खोली सील करू. मॅडमनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, ‘‘हवालदार साहेब, दुकान आपण बंद केलं. यांचं दुखणं कोण बंद करणार?’’

त्यांनी एकेकाची बाटली तपासून काढली, ओट्यावर एक खोकं पालथं घातलं आणि त्याच्यावर बसून सगळ्या पेशंटना तपासलं. जीपमधली सरकारी औषधं मी देत होतो. दुपारचे चार वाजले. शेवटच्या म्हातारीला मॅडमनी गोळ्या दिल्या, नीट समजावलं. म्हातारी गोळ्यांकडे बघत काहीतरी पुटपुटली. मी विचारलं, काय म्हणते? मॅडम हसत म्हणाल्या, ‘‘म्हणते, पळाला तो बरा होता, सुई तरी द्यायचा.’’

जीपमध्ये मी विचारलं, ‘‘मॅडम, तुम्ही एवढ्या हात धुऊन यांच्या मागे का लागता? लोकांनाच हवेत ते.’’ तेव्हा त्यांनी सांगितलं की डॉक्टरकी शिकत असताना वॉर्डात एक मुलगा आला होता. तापात कुणीतरी कमरेत सुई मारलेली, ती शिरेला लागली आणि पाय कायमचा लुळा पडला. त्याची आई मॅडमना विचारायची, सुई देणारा चांगला माणूस होता हो, पैसेसुद्धा घेतले नाहीत, मग असं कसं झालं? ‘‘चांगला माणूस असणं वेगळं, भाऊ,’’ मॅडम म्हणाल्या.

तेव्हा मला ठाऊक नव्हतं की हे बोलताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोण होतं.

मॅडमचे आईबाप दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जायचे. मॅडम सहा-सात वर्षांच्या असताना मुकादमाच्या ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या आणि भावंडांबरोबर त्याही बसलेल्या. त्यांचा मामा, याकोब, सायकलवरून आला आणि त्याने त्यांना बखोटीला धरून ट्रकमधून खाली उतरवलं. म्हणाला, ही नाही येणार, ही शिकणार. आणि मिशनच्या वसतिगृहात नेऊन घातलं. हा मामा हद्दीपलीकडच्या एका दवाखान्यात वीस वर्षं ड्रेसर होता. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. मग गावाकडे परत आला, आणि गावाने त्याला डॉक्टर म्हणायला सुरुवात केली. डोंगराच्या त्या कुशीत दुसरं होतंच कोण? मामा तापाच्या गोळ्या द्यायचा, जखमा बांधायचा, आणि सुईही द्यायचा.

मॅडमना नोंदणीचं प्रमाणपत्र मिळालं तेव्हा त्याची पहिली झेरॉक्स त्यांनी मामाला नेऊन दिली. आणि त्याच दिवशी त्याच्याकडून वचन घेतलं, की आजपासून सुई बंद. गोळी नको, सुई नको, फार तर पट्टी बांध आणि पेशंट सरकारी दवाखान्यात पाठव. मामाने मान्य केलं. मामा दिलेला शब्द मोडत नाही, असं मॅडम मानून चालल्या होत्या.

एके दिवशी ग्रामीण रुग्णालयात सात वर्षांची एक मुलगी आली. कमरेखाली लिंबाएवढं गळू, अंगात ताप, मुलगी उभी राहू शकत नव्हती. सर्जन रजेवर होते म्हणून मॅडमनीच गळू फोडलं. मी औषधं घेऊन तिथं उभा होतो. पू निघाला, मुलगी रडून रडून गप्प झाली. मॅडमनी हात धूत बापाला विचारलं, सुई कुणी दिली? बाप म्हणाला, ‘‘याकोब डॉक्टरनी.’’

मॅडम नळ बंद करायला विसरल्या. मीच तो बंद केला.

दोन दिवसांनी लेखी तक्रार आली. त्या बापाला कुणीतरी लिहून दिली होती, सोबत मोबाइलवर काढलेला फोटो. मामाच्या खोलीची भिंत, भिंतीवर येशूचं चित्र, आणि त्याच्या शेजारी काचेच्या फ्रेममध्ये मॅडमच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स. तक्रारीत लिहिलं होतं, की हा इसम दुसऱ्या डॉक्टरच्या नोंदणीवर धंदा करतो. अरे बापा रे! म्हणजे नुसत्या मामावर बालंट नव्हतं. आपली सनद दुसऱ्याला वापरू दिली, असं ठरलं असतं तर मॅडमची डॉक्टरकी गेली असती.

मॅडमनी तिथल्या तिथे जिल्ह्याच्या साहेबांना फोन लावला. ‘‘साहेब, तक्रार आहे तो माझा सख्खा मामा आहे. पंचनामा दुसऱ्यानं करावा. पण मी तिथं हजर राहणार. नाहीतर लोक म्हणतील भाचीनं आधीच निरोप धाडला.’’

आम्ही गेलो. गटविकास अधिकारी, दोन पोलीस, पंच, मी आणि मॅडम. मामा अंगणात एका माणसाच्या पायाची पट्टी बदलत होता. वाळलेलं शरीर, पांढरं स्वच्छ धोतर, हातांची नखं अगदी कापलेली. मॅडमना बघून त्याचा चेहरा असा फुलला की मला मान खाली घालावी लागली. त्याला वाटलं भाची साहेबलोकांना घेऊन घर दाखवायला आली. त्याने आत बघून मामीला हाक मारली, चहा टाक.

मी सगळ्यांच्या आधी खोलीत शिरलो. खोटं कशाला बोलू, मी ठरवूनच शिरलो होतो. फ्रेम खिळ्यावरून काढायची आणि पिशवीत टाकायची, विषय संपला. फ्रेमला हात लावला तोच दारातून आवाज आला, ‘‘राहू द्या, भाऊ. दिसतंय ते लिहा.’’

गटविकास अधिकाऱ्यांनी मामाला विचारलं, हा कागद इथं का लावला?

‘‘माझ्या भाचीचा आहे साहेब. ही बघा, हीच भाची.’’ मामा अजून हसतच होता. ‘‘आमच्यातली पहिली डॉक्टर. येणारे-जाणारे बघतात. मी पोरांना दाखवतो, असं शिका म्हणतो.’’

‘‘पण लोकांना वाटेल ना, तुम्हीच डॉक्टर आहात.’’

‘‘कसं वाटेल साहेब? नाव बाईचं आहे.’’

कुणीच हसलं नाही. मी यादी लिहायला घेतली. गोळ्या, मलम, कापूस, आणि पत्र्याच्या डब्यात तळाशी सुया. मॅडमनी डबा बघितला. त्यांच्या बोलीत त्या एवढंच म्हणाल्या, सोडली होतीस ना? मामाचं हसू तेव्हा गेलं. तो म्हणाला, लोक ऐकत नाहीत, सुई नाही दिली तर पलीकडच्या गावात जातात, तिथला तर माझ्याहून अडाणी आहे. मॅडम म्हणाल्या, मामा, ती पोरगी सात वर्षांची आहे. मामा खाली बसला. मग मामी चहाचे कप घेऊन आली. पोलिसांसमोर, पंचनामा चालू असताना, कोण चहा घेणार? मॅडमनी एक कप उचलला आणि उभ्या उभ्या सगळा प्यायल्या.

मामावर तेहतीस कलमाचा गुन्हा लागला. नोंदणी नसताना डॉक्टरकी केली की हे कलम लागतं. मॅडमना जबाब द्यायचा होता. मी त्यांच्यापुढे हात जोडले. म्हटलं, ‘‘मॅडम, लिहा की झेरॉक्स कुणीतरी परस्पर काढली. मला माहीत नाही म्हणा. मामांना त्यानं काही फरक पडत नाही, तुमचं मात्र सगळं वाचतं.’’ त्यांनी चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर ठेवला. आणि लिहिलं, की झेरॉक्स मी स्वतः, आनंदाने, घरच्या माणसाला दिली होती. तिचा असा उपयोग होईल हे मला कळायला हवं होतं.

डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या मुंबईच्या कौन्सिलची नोटीस यायची ती आलीच. चौकशी सुरू झाली.

आता माझा भाग. तो टाळता आला असता तर हे सगळं लिहायला बसलोच नसतो.

मामाला जामीन मिळाला त्या दिवशी मी कोर्टात यादीवर सही करायला गेलो होतो. मॅडम मीटिंगला नंदुरबारला होत्या. कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी मामा एकटाच उभा दिसला. कोर्टासाठी म्हणून घेतलेली नवी चप्पल पायात होती आणि तो एका पायावर भार देऊन उभा होता. मी जवळ गेलो. मला मॅडमची काळजी होती, हे देवाशपथ खरं आहे. मी म्हणालो, ‘‘मामा, एक सांगतो. मॅडमची चौकशी चालू आहे. तुम्ही आरोपी, त्या साक्षीदार. कौन्सिलचं पत्र येईपर्यंत त्यांच्या आसपास फिरकू नका, बोलूसुद्धा नका. कुणी बघितलं तर त्यांची सनद जाईल.’’

असा नियम कुठं आहे का? मला काय माहीत! बावीस वर्षं सरकारी खुर्चीत बसल्यावर माणसाला वाटायला लागतं की आपण बोलतो तोच नियम. मामाने ऐकून घेतलं आणि मला नमस्कार केला. तो काय म्हणाला ते मी पुढे बरेच दिवस कुणालाही सांगितलं नाही.

मामाने त्या दिवसापासून डबा बंद केला. गोळी नाही, पट्टी नाही. गावात आता कुणीच उरलं नाही, उपकेंद्र डोंगराच्या पलीकडे. मॅडमनी वरून परवानगी आणली आणि दर रविवारी तिथं स्वतः बसायला लागल्या. सकाळची प्रार्थना झाली की प्रार्थनाघराच्या ओट्यावर टेबल टाकायचं, बीपीचं यंत्र मांडायचं, मी शेजारी औषधं घेऊन. समोर वीस पावलांवर मामाचं घर.

पहिल्या रविवारी कुणी आलं नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. बाया डोक्यावर हंडे घेऊन समोरून जायच्या आणि मान पलीकडे फिरवायच्या. एकदा मामी अंगणात आली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात काहीतरी म्हणाली. मॅडमनी मला ते सांगितलं नाही. हिरालालने नंतर कुणालातरी विचारलं. मामी म्हणाली होती, आमचा डॉक्टर घेऊन गेलीस आणि आता दुकान मांडून बसलीस.

मॅडम दुपारी एकपर्यंत बसायच्या. उन्हाळ्यात बसल्या, पाऊस लागला तेव्हा ओट्यावर पाणी यायचं तर टेबल भिंतीला लावून बसल्या. मामाचं दार लोटलेलं असायचं. ‘‘आतच आहे, भाऊ,’’ त्या म्हणायच्या. ‘‘रेडिओ लावलाय.’’ एका रविवारी त्यांचा आवाज फुटला. ‘‘मामा मला कधीच माफ करायचा नाही, भाऊ. मी त्याला पोलिसांच्या गाडीत बसवलं. त्यानं मला ट्रकमधून उतरवलं आणि मी त्याला गाडीत बसवलं.’’

त्या रडत होत्या. आणि मला कारण माहीत होतं. मी म्हणू शकलो असतो, की मॅडम, तो रागावलेला नाही, त्याला मीच लांब राहायला सांगितलंय. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण मनात म्हटलं, आत्ता सांगितलं तर ही बाई उठून सरळ त्या घरात जाईल. पत्र येऊ दे, मग सांगू. थोडे दिवसच राहिलेत. मी गोळ्यांची पाकिटं नीट लावत बसलो. स्वतःची लाज वाटणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळायला हवं होतं, कळलं नाही.

पत्र आलं तेव्हा पाऊस संपून भातं पिवळी पडायला लागली होती. कौन्सिलने लेखी ताकीद दिली होती, सनद शाबूत होती. कार्यालयात पेढे वाटले ते मी. रविवारी मॅडमनी प्रार्थनेनंतर मामीला गाठून सांगितलं, की माझी चौकशी संपली, मामाला सांग. मामी घरात गेली.

आम्ही ओट्यावर टेबल मांडलं. दहा मिनिटं झाली असतील. समोरचं दार उघडलं आणि मामा बाहेर आला. काठी टेकत, मामीच्या खांद्यावर हात ठेवून. ती वीस पावलं चालायला त्याला किती वेळ लागला! बघणारी सगळी माणसं आपापल्या अंगणात उभी राहिली. मॅडम धावल्या तर त्याने हातानेच थांबवलं. स्वतः ओट्यापर्यंत आला, पेशंटच्या बाकावर बसला आणि उजवा पाय पुढे केला. पायाला पट्टी होती. अशी सुबक पट्टी की आमच्या नर्सने शिकून घ्यावी. पण वास आधीच आला होता.

‘‘आता बघ,’’ तो म्हणाला. माझ्यासमोर म्हणून मराठीत बोलला असावा.

मॅडमनी पट्टी सोडवली. मी तिकडे बघू शकलो नाही. दोन बोटं काळी पडली होती आणि काळेपणा वर चढला होता. मॅडमनी तिथंच बोटातून थेंब घेऊन साखर तपासली. यंत्रावरचा आकडा बघून त्यांनी यंत्र पालथं ठेवलं. मामाला मधुमेह होता, त्याला कधी पत्ताच नव्हता.

‘‘कधीपासून?’’

‘‘कोर्टाच्या दिवसापासून. नवी चप्पल लागली होती.’’

‘‘मामा, मी इथं बसत होते. दर रविवारी. इथं, समोर.’’

‘‘दारातून बघायचो ना मी,’’ मामा म्हणाला. ‘‘पण तुझी चौकशी होती. मी तुझ्याकडे औषध घेतलं असतं तर तुझा कागद गेला असता.’’

‘‘असं कुणी सांगितलं तुला?’’

मामाने माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. ‘‘असं असतं ना,’’ एवढंच म्हणाला.

‘‘नाही मामा,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘असं नसतं. असं कुठंच लिहिलेलं नाही.’’

मामाने काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाला, ‘‘मग मला कळलं नाही.’’

त्याला आधी नंदुरबारला नेलं, तिथून सुरतेला. पाय घोट्यापाशी कापला, मग गुडघ्याच्या वर कापला. विष अंगात भिनलं होतं. नाताळच्या आठ दिवस आधी तो गेला. मॅडम शेवटपर्यंत उशाशी होत्या. कोर्टात आरोपी मयत म्हणून केस बंद झाली. त्याला पुरलं त्याच्या पुढच्याच रविवारी मॅडम पुन्हा ओट्यावर बसल्या, आणि त्या दिवशी लोक आले. सगळ्यात पुढे ती गळूवाली मुलगी, बापाचं बोट धरून. मग मामी आली आणि तिने बीपी बघायला हात पुढे केला. दुपारचे तीन वाजले तरी रांग संपेना. मॅडमनी प्रत्येकाला तपासलं. एकदाही डोळे पुसले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, पार मोलगीकडच्या डोंगरात. निघायच्या दिवशी कार्यालयात चहा झाला, भाषणं झाली. सगळे आत गेल्यावर मी त्यांच्या मागे पायऱ्यांपर्यंत आलो. जीपमध्ये सामान भरलं होतं, हिरालालने इंजिन चालू केलं होतं. मला वाटलं, आज बोललो नाही तर मेल्यावरच बोलेन.

‘‘मॅडम, मामांना ते मी सांगितलं होतं.’’

‘‘माहीत आहे,’’ त्या म्हणाल्या.

‘‘मामा बोलले?’’

‘‘नाही. त्या दिवशी पट्टी सोडल्यापासून तुम्ही माझ्या नजरेला नजर दिली नाहीत, भाऊ.’’

मी म्हणालो, मला शिव्या द्या, काहीतरी बोला. त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही माझ्यासाठीच केलंत. मामानंही माझ्यासाठीच केलं.’’ त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. ‘‘एकच सांगा. तुम्ही सांगितलंत तेव्हा मामा काय म्हणाला?’’

मला खोटं सांगता आलं असतं. काही नाही म्हणाले, नमस्कार केला, म्हणता आलं असतं. पण सगळ्या जन्मात एका माणसाशी तरी खोटं बोलायचं नाही, असं मला त्या बाईने शिकवलं होतं.

मी सांगितलं, ‘‘म्हणाले, बरं झालं भाऊ तुम्ही भेटलात. मी आत्ता तिच्याकडेच चाललो होतो, पाय दाखवायला.’’

मॅडम होत्या तिथेच पायरीवर खाली बसल्या. हिरालालने दोनदा हॉर्न वाजवला. त्या उठल्या नाहीत.